‘माझं बीपी वाढवू नकोस!’

ऑफिसात दिवसातून दहा वेळा आपण हे वाक्य फेकतो. गंमत अशी, की बीपी खरोखर वाढतं तेव्हा आपल्याला कळतसुद्धा नाही. एका मेडिकल टेस्टमध्ये कळलेल्या दोन आकड्यांची आणि त्यानंतर घरात झालेल्या उलथापालथीची ही गोष्ट...

सोमवारची सकाळ. दहाला मीटिंग आणि पावणेदहाला बॉसचा मेल : ‘प्रेझेंटेशनमध्ये थोडे बदल हवेत.’ थोडे म्हणजे किती? फक्त सोळा स्लाइड्स! मग शेजारच्या टेबलावरून हमखास आवाज येतो, ‘यार, माझं बीपी वाढवू नकोस!’ सगळे हसतात. कुणीतरी चहा सांगतं. विषय संपतो.

मीही हे वाक्य कितीतरी वेळा म्हटलंय. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे मला एक बॉस नाही, पाच-सहा आहेत. त्यामुळे बीपी वाढवायला माणसं भरपूर. पण ते सगळं बोलण्यापुरतं. बीपी म्हणजे बाबांच्या वयाच्या लोकांचा विषय, अशी माझी ठाम समजूत होती. बीपी, गुडघे, पेन्शन, सगळं एकाच कप्प्यातलं.

मग विमा पॉलिसी काढायची ठरली आणि मेडिकल आली. रक्त दिलं, वजन झालं. शेवटी सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला, मशिन घुरघुरलं. सिस्टरनी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘जिने चढून आलात का?’

‘नाही, लिफ्टनं.’

‘पाच मिनिटं शांत बसा हं. परत घेऊ.’

परत घेतलं. मग तिसऱ्यांदा दुसऱ्या हातावर घेतलं. कागदावर लिहिलं : १५२/९८.

माझं वय २८. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, छातीत धडधड नव्हती. आदल्या दिवशी मी सिंहगड चढून आले होते! मग हे आकडे कुणाचे?

आकड्यांची भानगड

आधी हे दोन आकडे म्हणजे काय ते बघू. आपलं हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडतं. प्रत्येक ठोक्याला ते आकसतं आणि रक्त धमन्यांमध्ये ढकलतं. त्या क्षणी धमनीच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आकडा, म्हणजे सिस्टोलिक. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं, तेव्हाही धमन्यांमध्ये काही दाब शिल्लक असतोच. तो खालचा, डायस्टोलिक. मोजमाप पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. हल्लीच्या मशिनमध्ये पारा नसतो, पण माप तेच राहिलंय.

१२०/८०च्या खाली असेल तर उत्तम. आपल्याकडे दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याच्या वर येत राहिलं, तर डॉक्टर ‘हाय बीपी’ म्हणतात. वरचा किंवा खालचा, एक आकडा जास्त असला तरी पुरे. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ मध्ये ही रेष १३०/८० वर आणली. म्हणजे एकच माणूस मुंबईत ‘काठावर’ आणि न्यूयॉर्कमध्ये उतरला की पेशंट! गंमत सोडा, मुद्दा असा की १३९ला सुरक्षित आणि १४०ला धोका अशी पाटी शरीरात कुठे लावलेली नाही. आकडा चढत जातो तसा धोका चढत जातो.

आणि हा धोका किती जणांना आहे? २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचं बीपी वाढलेलं होतं किंवा ते त्यासाठी गोळ्या घेत होते. म्हणजे ढोबळमानानं दर चार-पाच जणांत एक. कॅन्टीनमधल्या आपल्या टेबलावर एकदा नजर फिरवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालातली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जगात ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १३० कोटी लोकांना हाय बीपी आहे आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना ते माहीतच नाही. मी परवापर्यंत त्याच कळपात होते.

‘पण का?’

फॅमिली डॉक्टरांकडे गेले तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच होता. त्यांचा पहिला प्रश्न वेगळा होता. ‘बाबा कसे आहेत?’

बाबांचं पुढे सांगते. पण डॉक्टर उगाच विचारत नव्हते. आई किंवा बाबा, कुणाला कमी वयात बीपी असेल, तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. शंभरातल्या नव्वदहून जास्त पेशंट्समध्ये बीपीचं एकच एक कारण सापडत नाही. घराण्याचा वारसा, खाणं, वजन, झोप, वय अशी बरीच मंडळी मिळून तो उद्योग करतात. या प्रकाराला इंग्रजीत ‘इसेन्शियल’ हायपरटेन्शन म्हणतात. इसेन्शियल म्हणजे आवश्यक! कारण एके काळी अनेक डॉक्टरांना खरंच वाटायचं, की वय झालं, धमन्या अरुंद झाल्या की रक्त पुढे सरकायला जास्त दाब लागणारच. तो समज गेला, नाव मात्र चिकटून राहिलं.

या मंडळींत पहिला नंबर मिठाचा. मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. पाणी वाढलं की नळ्यांमधलं रक्त वाढतं आणि दाब चढतो. जास्तीचं सोडियम बाहेर टाकायचं काम किडनीचं, पण काहींच्या किडन्या ते सावकाश करतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. म्हणजे सपाट एक चमचा, तोही सगळ्या जेवणाखाणाचा मिळून. आपण भारतीय सरासरी याच्या दुपटीच्या आसपास खातो.

‘मी तर वरून मीठ घेतच नाही,’ मी म्हटलं. डॉक्टरांनी वही पुढे केली, ‘काल काय खाल्लंत ते लिहा.’ सकाळी पोहे. अकराला चहाबरोबर खारी. दुपारी डब्यात पोळी-भाजी, सोबत लोणचं आणि मैत्रिणीच्या डब्यातला ठेचा. पाचला वडापाव, त्याबरोबर तळून मीठ लावलेली मिरची. रात्री लेख पूर्ण करायचा होता म्हणून इन्स्टंट नूडल्स, वर सॉस. लिहिता लिहिता मलाच घाम फुटला. खारी, ब्रेड, बिस्किटं, फरसाण, पापड, सगळ्यांत मीठ लपून बसलेलं असतं. आणि हो, ‘मी सैंधव वापरते’ असं म्हणून सुटका नाही. रंग गुलाबी असला तरी सैंधव हे मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड.

दुसरी झोप. रात्री गाढ झोपेत आपलं बीपी साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतं. धमन्यांची ती रोजची सुटी. आपण मात्र दोनपर्यंत एक सीरिज ‘फक्त एक एपिसोड’ म्हणत बघतो आणि सातला अलार्म लावतो. नाइट शिफ्टवाल्यांची तर घड्याळंच उलटी. वर्षानुवर्षं सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये हाय बीपीचं प्रमाण जास्त दिसतं. जो जोरात घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो आणि दिवसभर पेंगतो, त्याला स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. तेही बीपीचं मोठं कारण. तेव्हा रूममेटच्या घोरण्याचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकण्यापेक्षा त्याला डॉक्टरकडे न्या.

तिसरं वजन, विशेषतः पोटाचा घेर. चौथी दारू. शुक्रवार संध्याकाळच्या पार्ट्या गुरुवारपासूनच सुरू होत असतील तर ती बीपी वर ठेवते. सिगारेट प्रत्येक वेळी बीपी थोड्या वेळासाठी चढवते आणि धमन्यांचं आतलं अस्तर कायमचं खराब करते.

आणि टेन्शन? भांडण झालं, डेडलाइन आली, की बीपी चढतं हे खरं, पण थोड्या वेळानं ते उतरतंही. खरा घोटाळा पुढे होतो. टेन्शन आलं म्हणून आपण झोप उडवतो, चमचमीत मागवतो, व्यायाम बुडवतो, सिगारेट पेटवतो. बॉस निमित्त होतो, बाकीचं आपण स्वतः करतो.

शेवटी डॉक्टरांनी एक अगदी साधा प्रश्न विचारला. ‘दुसऱ्या कुठल्या गोळ्या?’ मानदुखीसाठी मी आठवड्यातून चार-पाच वेळा आयबुप्रोफेन घेत होते, मेडिकलवाल्याकडून, स्वतःच्या मनानं. अशा वेदनाशामक गोळ्या, नाक मोकळं करणारी सर्दीची काही औषधं, स्टेरॉइड्स, काही गर्भनिरोधक गोळ्या, या सगळ्यांनी बीपी वाढू शकतं. शिवाय तरुण वयात बीपी सापडलं, की किडनीकडे जाणारी धमनी अरुंद आहे का, थायरॉइड किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गडबड आहे का, हेही गरजेप्रमाणे तपासावं लागतं. म्हणून ‘या वयात गोळी कशाला’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. उलट या वयात जास्त नीट शोधायचं असतं.

आत काय चाललेलं असतं?

आता बाबा. बँकेत नोकरी, शिस्तीचा माणूस. ४६व्या वर्षी त्यांना बीपीची गोळी सुरू झाली. रोज सकाळी चहाआधी एक. रिटायर झाले, फिरायला जायला लागले, बीपी छान १२८, १३० येऊ लागलं. मग एक दिवस त्यांनी स्वतःच निकाल लावला, ‘आता बरं आहे. गोळी बंद.’ कुणाला सांगितलं नाही. बरं वाटत होतं ना! मोजायचंही सोडून दिलं. बीपी बरं होतं ते त्या गोळीमुळे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि आमच्याही नाही.

दीड वर्षानं संध्याकाळी त्यांच्या पायांवर सूज दिसायला लागली. चपलेचा पट्टा रुतायचा. तपासण्या झाल्या. क्रिएटिनिन वाढलेलं, लघवीतून प्रथिनं जात होती. किडन्यांचं काम निम्म्याहून कमी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हे दीड वर्षातलं नाही. आधीची बरीच वर्षं असणार, गोळी बंद केल्यावर घसरण वाढली. या सगळ्या काळात बाबांना एकदाही काही दुखलं नव्हतं.

असं कसं होतं? बागेतला रबरी पाइप आठवा. त्यात रोज क्षमतेपेक्षा जास्त जोरानं पाणी सोडलं तर तो लगेच फुटत नाही. आधी ताठ होतो, मग आतून खरखरीत. धमन्यांचं तसंच. त्या मुळात लवचीक असतात, प्रत्येक ठोक्याला फुगतात आणि परत येतात. सततच्या दाबानं त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतलं गुळगुळीत अस्तर दुखावतं आणि तिथे चरबीचे थर साचायला लागतात. नळी अरुंद झाली की दाब आणखी वाढतो. दाब वाढला की नळी आणखी खराब. एकदा हे चक्र सुरू झालं की ते गुपचूप चालत राहतं.

हृदयाला या कडक नळ्यांविरुद्ध जोर लावावा लागतो. मग त्याच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. जिममध्ये दंड फुगला तर आपण आरशासमोर फोटो काढतो, हृदयाचा स्नायू असा फुगला तर ते वाईट लक्षण. जाड भिंत नीट सैल पडत नाही, तिला रक्तही जास्त लागतं आणि पुढे कधीतरी ती थकते. हार्ट फेल्युअर म्हणतात ते हे. त्याच वेळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद होत असतील तर हार्ट अटॅक.

मेंदूत दोन प्रकारे घात होतो. नळीत गुठळी अडकते किंवा नाजूक नळी फुटते. दोन्हीला आपण पक्षाघात म्हणतो आणि त्यामागचं सगळ्यात मोठं टाळता येण्यासारखं कारण म्हणजे हाय बीपी. मध्यमवयात वर्षानुवर्षं चढलेलं बीपी म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढवतं.

किडनी म्हणजे बारीक गाळण्यांचा कारखाना. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. इतक्या बारीक नळ्यांवर जादा दाब आला की एकेक गाळणी बंद पडत जाते. गेलेली गाळणी परत येत नाही, तिचं काम उरलेल्या करतात, म्हणून आपल्याला कळत नाही. आणि किडनी बिघडली की बीपी आणखी वाढतं, कारण मीठ-पाण्याचा हिशेब तीच सांभाळते.

डोळ्यांच्या पडद्यावरच्या नळ्या मात्र डॉक्टर थेट बघू शकतात. आतली परिस्थिती दाखवणारी शरीराची ती एकमेव खिडकी. म्हणून बीपीच्या पेशंटला डोळे तपासायला पाठवतात. आणि एक गोष्ट, जी कुणी मोकळेपणानं बोलत नाही. धमन्या खराब झाल्या की पुरुषांच्या लैंगिक क्षमतेवरही परिणाम होतो. निदान हे वाचून तरी काही दोस्त मशिनपुढे हात ठेवतील, अशी आशा!

राष्ट्राध्यक्ष आणि सर्पगंधा

‘तेव्हाचे लोक बीपी न मोजता शंभर वर्षं जगायचे,’ हे वाक्य तुमच्याही घरी ऐकलं असेल. त्यावर एक किस्सा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९३७ मध्ये त्यांचं बीपी १६२/९८ होतं, म्हणजे माझ्यापेक्षा थोडंसंच जास्त. १९४१ मध्ये १८८/१०५. जगातली सगळ्यात भारी वैद्यकीय व्यवस्था दिमतीला, पण त्या काळी यावर चांगलं औषधच नव्हतं. विश्रांती घ्या, मीठ कमी करा, एवढंच. १२ एप्रिल १९४५ रोजी डोक्याच्या मागे प्रचंड दुखतंय असं म्हणत ते कोसळले. त्या वेळी मोजलेलं बीपी ३००/१९० च्या वर होतं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय ६३.

त्यानंतर चारच वर्षांनी एक महत्त्वाचं पाऊल पडलं ते आपल्या मुंबईत. डॉ. रुस्तम जाल वकील या हृदयरोगतज्ज्ञांनी सर्पगंधा ही आयुर्वेदातली वनस्पती हाय बीपीच्या ५० पेशंट्सवर वापरून पाहिली आणि त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. जगाचं लक्ष वेधलं गेलं. १९५२ मध्ये त्याच मुळीतून रेसरपिन हे औषध वेगळं काढलं गेलं आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपिन आता मागे पडलंय, त्यानं काहींना उदासी यायची. त्यामुळे कुणी सर्पगंधाची मुळी घरी उकळत बसू नका. आजच्या गोळ्या त्याहून सुरक्षित आहेत आणि त्यांतल्या अनेक जेनेरिक स्वरूपात दिवसाला काही रुपयांत मिळतात. रूझवेल्टना जे मिळालं नाही ते आज सरकारी दवाखान्यात मिळतं. तरी आपण ते घेत नाही, कारण ‘बरं वाटतंय’!

‘कुणाला सांगू नकोस’

माझे आकडे घरी कळल्यावर पहिला फोन आत्याचा आला. ‘हे बघ बाळा, घाबरू नकोस. पण बाहेर कुणाला बोलू नकोस हं. आपण स्थळं बघतोय ना तुझ्यासाठी.’

मला हसू आलं आणि रागही. चष्म्याचा नंबर सांगता येतो, मग हा नंबर का नाही? पण नंतर विचार केला तर ही लपवालपवी किती ठिकाणी चालते! ऑफिसात कळलं तर प्रोजेक्टवरून काढतील. विम्याच्या फॉर्मवर लिहिलं तर प्रीमियम वाढेल. मित्रांना कळलं तर ‘काय काका!’ म्हणतील. मग गोळीचं पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात जातं आणि हळूहळू गोळीही विसरली जाते.

मुलींसाठी तर ही लपवाछपवी जास्त महागात पडू शकते. बीपीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टनसारख्या, गरोदरपणात चालत नाहीत, बाळाला धोका असतो. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घ्यावी लागते. जी गोष्ट नवऱ्यापासून, सासूपासून लपवलीय, ती वेळेवर डॉक्टरपर्यंत पोचणार कशी?

आत्याला मी हे सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती हळूच म्हणाली, ‘मी पण घेते गं गोळी. अकरा वर्षं झाली. तुझ्या काकांना माहितीये, बाकी कुणाला नाही.’

बाबांची सख्खी बहीण! घराण्याचा इतिहास विचारणाऱ्या डॉक्टरांना मी सांगितलेल्या इतिहासात तिचं नावच नव्हतं.

तीन महिन्यांचा हिशेब

एका दिवसाच्या आकड्यावर डॉक्टरांनी शिक्का मारला नाही. कित्येकांचं बीपी पांढरा कोट बघूनच चढतं, तर काहींचं दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त असतं. म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजायला सांगितलं. घरची रेष थोडी खाली असते, १३५/८५. माझी सरासरी आली १४४/९२. किडनी, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, ईसीजी सगळं ठीक होतं. वय कमी, बाकी धोके कमी, त्यामुळे डॉक्टरांनी तीन महिने दिले. ‘गोळीशिवाय जमतं का बघू. नाही जमलं तर गोळी. त्यात तुमचा पराभव वगैरे काही नाही.’

लोणचं-पापड रोजच्याऐवजी रविवारी. भाजीत मीठ आधी थोडं कमी, मग आणखी थोडं. पहिले दहा दिवस सगळं पथ्याचं वाटलं, नंतर जीभ सरावली. आता हॉटेलची मिसळ खारट लागते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणं. फोन रात्री साडेअकराला हॉलमध्ये. आयबुप्रोफेन बंद, मानेसाठी फिजिओथेरपिस्ट आणि टेबलाची उंची बदलली. वजन चार किलोनं उतरलं. मोठ्या अभ्यासांमधून दिसतं, की वरचा आकडा पाच अंकांनी उतरला तरी हार्ट अटॅक, पक्षाघात यांचा धोका साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो. पाच अंक म्हणजे काही डोंगर नव्हे.

तीन महिन्यांनंतरची माझी सरासरी १३२/८४. जादू झाली नाही. अजून काठावरच आहे आणि कधीतरी गोळी लागेलही. पॉलिसी मिळाली, खरं लिहून. प्रीमियम थोडा वाढला. चालतंय.

बाबांच्या गोळ्या आता तीन झाल्यात. गेलेल्या गाळण्या परत येणार नाहीत, पण उरलेल्या सांभाळता येतील, असं डॉक्टर म्हणतात. रोज सकाळी आम्ही दोघं डायनिंग टेबलाशी बसतो. आधी बाबा, मग मी. आई वहीत आकडे लिहिते. मोजताना बोलायचं नाही हा नियम, त्यामुळे आमच्या घरात एवढी शांतता दिवसात फक्त तेव्हाच असते. पट्टा सोडताना परवा बाबा म्हणाले, ‘मला ४६व्या वर्षी कळलं. तुला २८व्या वर्षी. अठरा वर्षं मिळाली बघ तुला.’

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘माझं बीपी वाढवू नकोस’ म्हणालं, तर हसा जरूर. आणि मग विचारा, ‘किती आहे तुझं?’

घरी बीपी मोजताना...

* आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या.
* पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय नको.
* हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पट्टा आकडा फुगवतो.
* मोजताना बोलू नका, फोन बघू नका. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.
* मनगटावर लावायच्या मशिनपेक्षा दंडावरचं मशिन जास्त भरवशाचं.
* पोटॅशियम असलेलं ‘लो सोडियम’ मीठ अनेकांना उपयोगी पडतं, पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
* आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं किंवा अचानक अंधुक दिसणं यातलं काही असेल, तर वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. त्रास काहीच नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.
* गोळी स्वतःच्या मनानं सुरू करायची नाही आणि बंद तर अजिबात करायची नाही. बरं वाटत असलं तरी!